घराकडची चाल

लोक प्रवासवर्णनं लिहितात ती लडाखची, केरळची, नाहीतर युरोपच्या सहलीची. मी लिहिते आहे ते खारघरहून नावडे आणि मग करंजाडे या प्रवासाचं. सगळं अंतर रिक्षाने एका सकाळीत आटोपण्यासारखं आहे, त्यामुळे कुणाला हसू आलं तर त्याने आधी हसून घ्यावं. आम्हाला त्याला एक शनिवार आणि एक रविवार लागला. बरोबर डबा होता, पाण्याच्या बाटल्या होत्या, आणि आप्पांनी तर ठेवणीतली टोपी घातली होती.

आप्पा म्हणजे माझे वडील. आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांची सगळी हयात गेली. आई गेल्यावर मी त्यांना इथे घेऊन आले. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे काय, ते त्यांच्या पिढीच्या माणसालाच विचारावं. अजूनही ते सोफ्याच्या कडेवर बसतात, एसटीत रिझर्वेशनवाला येऊन उठवेल अशा बेताने. जावई घरात आला की टीव्हीचा आवाज कमी करतात. मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आवाज पुन्हा मोठा करून पाहिला, पण आप्पा तेवढ्यात उठून बाल्कनीत जातात.

खारघर

मी अॅनिमेशनचं काम करते. सध्या आमच्याकडे मुलांचा एक सिनेमा आहे. त्यात शेवटाकडे एक घोडी एकटीच माळरानावरून आपल्या घरी चालत येते. वर स्वार नाही, तोंडी संवाद नाही, नुसती चाल. हा शॉट मी स्वतःहून मागून घेतला होता.

घोडा चालवायचा म्हटलं की आमच्या धंद्यात भल्याभल्यांना घाम फुटतो. माणूस दोन पायांवर चालतो, त्यालाच चालवताना नाकी नऊ येतात, इथे तर चार पाय. साध्या चालीत चारही खूर वेगवेगळे टेकतात: मागचा डावा, पुढचा डावा, मग मागचा उजवा, पुढचा उजवा. दुडक्या चालीत तिरप्या जोड्या होतात आणि पाय दोन-दोन पडतात. भरधाव सुटला की एक क्षण चारही खूर हवेत असतात, पण तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात, कॅलेंडरवरच्या चित्रात दिसतात तसे पुढे-मागे फाकलेले नसतात. हे सगळं मला पाठ होतं. परदेशी घोड्यांचे व्हिडिओ एकेक चित्र थांबवून पाहिले होते. तरी आमचा सुपरवायझर निखिल, जो माझ्याहून वयाने बराच लहान आणि स्वभावाने गोड आहे, त्याने शॉट पुन्हा परत पाठवला. म्हणाला, "ताई, चाल करेक्ट आहे, पण ती कुठे जातच नाहीये." सोमवारपर्यंत जमलं नाही, तर बाहेरून विकत मिळणारी तयार चाल लावायची असं ठरलं. खऱ्या घोड्याच्या अंगाला सेन्सर लावून ती टिपलेली असते. घोडा कुठल्यातरी थंड देशातला, खाऊनपिऊन सुखी.

मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. कारण त्या घोडीत मी आमची निळी घालायला निघाले होते.

निळीबद्दल सांगायला हवं. आमच्या भागात बैलगाड्यांच्या शर्यती घाटात होतात. घाट म्हणजे शर्यतीसाठी तयार केलेली चढाची धावपट्टी. बैलांनी जीव तोडून पळावं म्हणून त्यांच्यापुढे एक घोडी पळवतात. घोडीवर एक माणूस, मागून बैल, आणि दोन्ही बाजूंना आरडाओरडा करणारं अख्खं गाव. आप्पा ती घोडी पळवायचे. राखाडी अंगावर निळसर झाक असली की गावाकडे घोडीला निळीच म्हणतात, म्हणून ती निळी. शिंगरू असल्यापासून आप्पांच्या हातची. एकदा गाडीच्या चाकाची लोखंडी धाव लागून तिचा मागचा डावा पाय दुखावला. पाय बरा झाला, पण चालताना ती तो किंचित बाहेरून फिरवून टाकायला लागली, उंबरा ओलांडावा तसा. पळताना ते दिसायचं नाही. चालताना मात्र पार वेशीवरून कळायचं की निळी येतेय.

पहिल्यांदा शॉट केला तेव्हा मी तो पाय तसाच ठेवला होता. मागचा पाय लंगडतोय, दुरुस्त करा, अशी निखिलची सूचना आली. मी दुरुस्त केला. त्यानंतर कितीही वेळा शॉट लावून बघितला तरी मला त्यात निळी दिसेना.

शुक्रवारी जेवताना मी सहज म्हटलं, उद्या नावड्याला जाऊन खरी घोडी बघून येते, तिथे एक जण वरातीसाठी घोड्या पाळतो. आप्पांचा घास हातातच राहिला. लग्नसराईत खाली रस्त्यावर बँड वाजला की आप्पा अकराव्या मजल्यावरून लगबगीने खाली जायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला वाजंत्री आवडते. आप्पा, आहेर तरी न्या, अशी आम्ही चेष्टाही करायचो. त्या दिवशी कळलं, की ते नवरदेवाकडे कधी बघतच नसत. शर्यतींवर बंदी आली त्या काळात गावोगावच्या घोड्या विकल्या गेल्या, तशी निळीही गेली. घेणारा व्यापारी म्हणाला होता की पनवेलकडे वरातीला लागतात. तेवढ्या एका शब्दावर आप्पा इथे आल्यापासून वराती तपासत होते.

मी म्हटलं, आप्पा, निळ्या घोड्या वयाबरोबर पांढऱ्या होत जातात. निळी एव्हाना पांढरीफटक झाली असेल, आणि वरातीच्या घोड्या सगळ्या पांढऱ्याच. ओळखणार कशी? ते म्हणाले, चालीवरून. मग मी विचारलं की सापडली तर करायचं काय. आमच्या सोसायटीत मांजर पाळायचं तरी सेक्रेटरीच्या कपाळाला आठ्या पडतात.

"करायचं काय? बघायची फकस्त," आप्पा म्हणाले. "एकडाव डोळ्यानं बघितली म्हंजी झालं."

नावडे

शनिवारी सकाळी आम्ही मेट्रोत बसलो. बसलो म्हणजे मी बसले. डबा अर्धा रिकामा असूनही आप्पा दाराजवळच्या दांड्याला धरून उभे. उतरायला बरं पडतं म्हणाले. खिडकीतून डोंगर दिसत होते, त्यांवर वाळलेलं पिवळं गवत. एवढ्या गवताला जनावर कसं नाही, याचं त्यांना राहून राहून नवल वाटत होतं. मी म्हटलं, इथली जनावरं पिशवीतून दूध देतात. ते हसले नाहीत. विनोद अगदीच वाईट नव्हता, पण आप्पांचं लक्ष नव्हतं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कागदात बांधलेला गुळाचा खडा होता आणि ते तो मधूनमधून चाचपून बघत होते.

पेंधरला उतरून रिक्षा केली. तळोज्याच्या कारखान्यांचा आंबूस वास आला तसं आप्पांनी उपरण्याचं टोक नाकाला लावलं ते नावडं येईपर्यंत काढलं नाही. एका बाजूला कॉलनीच्या इमारती, दुसऱ्या बाजूला जुनं गाव, आणि गावात शिरताच घोड्या पाळणाऱ्या बाळाराम शेठचं अंगण. सोनेरी रंग दिलेला, सिंहासनासारखा रथ ताडपत्रीखाली झाकून ठेवलेला होता. शेजारी जनरेटर, दिव्यांच्या छत्र्या, आणि दावणीला दोन पांढऱ्या घोड्या. अंगणाच्या पलीकडच्या टोकाला बैलांची एक देखणी जोडी बांधलेली होती. आगऱ्यांना शर्यतीच्या बैलांचं वेड किती, हे ऐकून माहीत होतं, पण शेठने बैलांसाठी पंखा लावलेला पाहून मला मिलिंदची आठवण झाली. आमच्या हॉलमधला पंखा बदला म्हणून मी त्याच्या मागे लागून दमले आहे.

बाळाराम शेठ मोकळा माणूस. घोडीची चाल बघायला कुणी येतं याचीच त्याला मोठी गंमत वाटली. त्याने एक घोडी सोडली आणि फाटकापर्यंत नेऊन परत आणायला सांगितली. मी जमिनीलगत बसून मोबाइलवर टिपायला लागले. घोडी चार पावलं नीट चालली असेल नसेल, तोच शेठचा फोन वाजला. त्याची रिंगटोन म्हणजे वरातीचा बँड. घोडी जागच्या जागी थबकली, मान वाकवली आणि पुढचे दोन्ही पाय आळीपाळीने उचलून झकास नाचायला लागली. शेठ निवांत फोनवर बोलत होता, एका साखरपुड्याचं बुकिंग होतं. बोलणं संपेपर्यंत घोडी नाचत राहिली, कारण तिला बिचारीला काय माहीत की बँड फोनमधला आहे.

नंतर मात्र तिला दोन-तीनदा फिरवली आणि मला हवं ते मिळालं. अंगणात सकाळी पाणी मारलेलं होतं, त्यामुळे खुरांचे ठसे स्पष्ट उठले होते. फाटकाकडे जाताना घोडीचा मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या अलीकडेच पडत होता. परत दावणीकडे, आपल्या चाऱ्याकडे वळली की तोच खूर पुढच्याचा ठसा ओलांडून चांगला वीतभर पुढे. मी तिथेच मातीत बसून राहिले. लहानपणी घाटावरून परतताना मी आप्पांच्या पुढ्यात निळीवर बसलेली असायचे. घराच्या वाटेला लागलो की खालून येणारा झोका लांब व्हायचा, आणि मला झोप यायची. हे माझ्या अंगाला माहीत होतं, आणि मी ते व्हिडिओंत शोधत बसले होते. माझ्या शॉटमधल्या घोडीचा मागचा खूर बरोबर पुढच्याच्या ठशावर पडत होता, पुस्तकात लिहितात तसा. निखिलचं म्हणणं खरं होतं. ती कुठेच जात नव्हती.

माझं काम झालं होतं, आप्पांचं नव्हतं. त्यांनी दोन्ही घोड्या चालताना पाहिल्या आणि मान हलवली. तरी जीव राहवेना. घाटातल्या शर्यतीत गाडी सुटताना 'भिर्रर्र' अशी लांबलचक आरोळी देतात. ती ऐकली की घाटातली घोडी उधळतेच, एरवी तिला काही ठाऊक नसलं तरी. आप्पांना वाटलं, हळूच एकदा करून बघावी. पण आयुष्यभर गर्दीच्या वर आवाज चढवलेल्या माणसाला हळू आरोळी द्यायची कशी, हे कुठून येणार? त्यांनी दिली ती खणखणीत दिली.

घोड्यांनी कानही हलवला नाही. बैलांनी मात्र खुंटे उपटले. जोडी दाव्यांसकट अंगणातून सुटली ती पंखा आडवा करून, ताडपत्री शिंगावर घेऊन, रथाला धडकून सरळ फाटकाबाहेर. पाठोपाठ शेठ, त्याची माणसं, दोन कुत्री, आणि मागे मी, हातात मोबाइल चालू. आप्पा एकटे अंगणात टोपी हातात घेऊन उभे राहिले, शाळेत काच फोडलेल्या पोरासारखे.

बैल कॉलनीच्या गेटापाशी सापडले. आता दोन शब्द ऐकावे लागणार म्हणून मी तयारीत होते. पण बाळाराम शेठ घामाघूम होऊन परत आला तो हसत. बैल त्याने मंचरकडून आणलेले, म्हणजे आमच्याच बाजूचे. इथे आल्यापासून असे सुटले नव्हते म्हणाला. आप्पांना हाताला धरून ओटीवर बसवलं आणि पुन्हा एकदा ती आरोळी देता का, पण बैल बांधल्यावर, असं विचारलं. जेवल्याशिवाय जायचं नाही, हा त्याच्या बायकोचा हुकूम आतून आला.

तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण. आप्पा बाजरीच्या भाकरीचे, आणि मासा म्हणजे त्यांच्या लेखी नदीला पूर आल्यावर कधीतरी मिळणारी गोष्ट. पांढरी, मऊ भाकरी त्यांनी आधी बोटाने दाबून बघितली, कच्ची तर नाही ना म्हणून. बोंबील तोंडात घातल्यावर काटा शोधत राहिले आणि तो सापडेना तसे जास्तच सावध झाले. पण दोन भाकऱ्या खाल्ल्या. घरी ते कधी दुसरी मागत नाहीत.

जेवताना आप्पांनी निळीची गोष्ट सांगितली. शेठ खाता खाता थांबला. म्हणाला, एक घोडी त्याच्याकडे होती खरी, एका व्यापाऱ्याकडून आलेली, कुठली ते त्याने विचारलं नव्हतं. दिसायला गरीब, पण नाचायचं नाव नाही. आणि वरातीत फटाके वाजले, मागून पोरांनी कल्ला केला, की ही जी पळायची ती थेट हॉलपर्यंत.

"एकदा त नवरा पयलं पोचला न वरात मंग आयली," शेठ म्हणाला. "सासरा मनाच इचारते, यो एवढा उतावीळ कसा?"

सगळे हसले, आप्पाही हसले, पण त्यांचे डोळे भरून आले होते. मागे माणसांचा गलका झाला की पुढे पळायचं, एवढंच तर निळीला शिकवलेलं होतं. ते शिकवणारे आप्पाच. पुढे ती घोडी शेठने करंजाड्याच्या एका बाईंना दिली. बाई म्हाताऱ्या घोड्या सांभाळतात आणि रविवारी मुलांना फिरवतात, एवढं त्याला माहीत होतं.

परतताना मेट्रोत आप्पा बसले, पण सगळा वेळ गुळाच्या पुडीवर हात ठेवून.

करंजाडे

रविवारी पनवेलहून रिक्षा केली. गाढी नदीचा पूल ओलांडला की करंजाडं सुरू होतं. सगळं गाव नवं कोरं, इमारतींना अजून पडदे लागायचे आहेत, आणि दोन इमारतींच्या मधून लांबवर कर्नाळ्याचा सुळका दिसतो. डोक्यावरून एक विमान इतकं खालून गेलं की आप्पांनी टोपीला हात लावला. रिक्षावाला वाईचा निघाला. देशावरचा माणूस भेटला की आप्पा एरवी पाऊसपाण्यापासून पाहुण्यारावळ्यांपर्यंत सगळं विचारतात. त्या दिवशी त्यांनी त्याला नावसुद्धा विचारलं नाही.

बाईंचं नाव हर्षा. चाळिशीच्या, जीन्स आणि डोक्याला रुमाल. मोकळ्या प्लॉटला बांबूचं कुंपण घातलेलं, पत्र्याच्या शेडखाली चार जनावरं, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नावाची पाटी. अंगावर माशा बसू नयेत म्हणून जाळीच्या झुली होत्या. आप्पांनी शेडमध्ये एक चक्कर मारली, गव्हाण हुंगून बघितली, पाण्याच्या हौदात हात घातला. लेकीच्या सासरी पहिल्यांदा गेलेला बाप असंच सगळं बघतो. माझ्या घरी पहिल्यांदा आले होते तेव्हा त्यांनी पिण्याचं पाणी कुठून येतं ते विचारलं होतं.

नावड्याहून आलेली घोडी कोणती, ते हर्षाताईंनी दाखवलं. पाटीवर 'परी' लिहिलेलं. पांढरी शुभ्र, पाठ थोडी खचलेली, डोळ्यांवर खळगे पडलेले. मला ती निळी वाटलीही आणि नाहीही. मी गाव सोडून शहरात शिकायला आले तेव्हा निळी ऐन भरात होती. मग सुट्टीत दिसेल तेवढीच. मी आप्पांकडे पाहिलं, तर ते तिच्या तोंडाकडे बघतच नव्हते. खाली पायांकडे बघत उभे होते.

चालवून दाखवता का, असं मी विचारलं. हर्षाताई म्हणाल्या, "नक्की. पण हळू चालते हां ती, आता वय झालं. आमी पण तिला काही टेन्शन देत नाय." त्या तिला घेऊन पलीकडच्या कुंपणाकडे निघाल्या. मी मोबाइल लावला. घोडी मान खाली घालून, पाय ओढत गेली, जशी कुठलीही म्हातारी घोडी जाईल. मोबाइलच्या चौकटीत ती मावावी म्हणून मी मागे-पुढे होत होते. ऊन समोरून येत होतं आणि मला धड काही दिसत नव्हतं.

तेवढ्यात आप्पांनी हर्षाताईंना मोठ्याने विचारलं, की पाणी वेळच्या वेळी पाजता ना. त्यात विशेष काही नव्हतं. पण घोडी थांबली. मग वळली आणि सरळ आमच्याकडे यायला लागली. हर्षाताईंच्या हातातला दोर ताणला गेला आणि त्या हसत तिच्या मागे ओढल्या गेल्या. आज हिला काय झालं, असं म्हणत होत्या. घोडी कुंपणापाशी आली आणि तिने आप्पांच्या सदऱ्याच्या खिशाला नाक लावलं.

आप्पांनी गूळ काढून तळहातावर धरला. तिने तो खाल्ला. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला, एकदाच, आणि काढून घेतला. मी जवळ जाऊन विचारलं, "आप्पा?"

"ही न्हाई ती," आप्पा म्हणाले.

मला खात्री करून घ्यावीशी वाटली, पण आप्पांनी पाठ फिरवली होती. त्यांनी हर्षाताईंना नमस्कार केला, घोडीला थंडीत बाजरीचा भरडा भिजवून द्यायला सांगितलं, आणि चालायला लागले. कुठल्याही रविवारी या, असं हर्षाताई दोनदा म्हणाल्या. आप्पांनी मागे वळून पाहिलं नाही. घोडी कुंपणाशी उभी होती, तिला आत न्यायला हर्षाताईंना बराच वेळ लागत होता.

रस्त्यावर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथे आम्ही टेकलो. डबा तसाच राहिला. मला आप्पांसाठी इतकं वाईट वाटत होतं की मी नको तेवढं बोलत राहिले. पुढच्या लग्नसराईत आपण उरण, कर्जत, पार पेणपर्यंत चौकशी करू, वगैरे. ते हूं हूं करत होते. रसाचा ग्लास त्यांनी अर्धा प्यायला. मी त्यांचं म्हणणं खरं मानलं, कारण निळीला ओळखायचं म्हटलं तर जगात त्यांच्याइतका हक्काचा माणूस कोण होता?

परत खारघर

सोमवारी सकाळी लवकर उठून मी कॉम्प्युटर लावला. शॉट द्यायचा होता. नावड्याच्या घोडीची लांब पावलं बघून काम भागलं असतं, पण म्हातारी घोडी चालते कशी तेही हवं होतं, म्हणून मी करंजाड्याचं चित्रण लावलं. एकेक चित्र पुढे सरकवत गेले.

जाताना मागचा खूर पुढच्याच्या बराच अलीकडे पडत होता. मग आप्पांचा आवाज, पाणी वेळच्या वेळी पाजता ना. त्या आवाजाबरोबर घोडीचा एक कान मागे वळला. मान उचलली गेली. ती वळली, आणि पहिल्या पावलापासून मागचा खूर पुढच्याचा ठसा ओलांडून पडायला लागला. त्या म्हाताऱ्या, खचलेल्या अंगाला झेपणार नाही इतकं लांब पाऊल. आणि मागचा डावा पाय बाहेरून फिरून येत होता, किंचित, उंबरा ओलांडावा तसा. जाताना पाय ओढत होती म्हणून ते दिसलं नव्हतं. मी ते चित्र मागे-पुढे केलं, पुन्हा केलं. मग उठून बाल्कनीत गेले आणि आप्पांना आत बोलावलं.

त्यांनी पडद्यावर पाहिलं. चकित झाले नाहीत. मी म्हटलं, आप्पा, ही निळी आहे.

"व्हय. निळीच हाय."

"तुम्ही तर नाही म्हणालात."

पडद्यावर निळी एक पाय उचलून थांबलेली होती.

"म्या तिला एकडाव इकली, तिला सोडून आलो तवा ती दावं तोडस्तवर वरडली," आप्पा म्हणाले. "काल व्हय म्हनलो असतो, तर पुन्यांदा सोडून यावं लागलं असतं. ती बाई जीव लावती तिला. मानसाला सांगता येतं, बाबा, नुसतं बघाया आलतो. घोडीला कसं सांगायचं?"

गाव सोडून आप्पांना इथे आणलं तेव्हा निघताना त्यांनी गोठ्याचं दार लावलं होतं, कुलूप घातलं होतं आणि पुन्हा उघडून आत एकदा पाहून आले होते. आत काहीच नव्हतं. तेव्हा मी त्यांना गाडीला उशीर होतोय म्हणून घाई केली होती. आता मी त्यांच्यासाठी चहा ठेवला.

शॉट मी दुपारपर्यंत पुरा केला. लांब पाऊल घातलं, मागे वळलेला एक कान घातला, आणि तो डावा पायही. निखिलने तो बघितला, पुन्हा बघितला, आणि म्हणाला, आता जातेय ही कुठेतरी. मग नेमकं त्याने विचारलं, की ताई, मागचा डावा पाय अजून लंगडतोय का? मी म्हटलं, लंगडत नाही, तिची चाल तशी आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि जाऊ दे म्हणाला. पोरगा खरंच गोड आहे.

करंजाड्याला आम्ही पुन्हा गेलेलो नाही. हर्षाताईंना मी अधूनमधून फोन करते, घोडी बरी आहे, भरडा आवडीने खाते. वराती आल्या की आप्पा आता खाली जात नाहीत, बाल्कनीतून बघतात तेवढंच. बँड संपला की आत येतात.

परवा शॉट रंगवून, प्रकाश टाकून पूर्ण झाला, तो मी परवानगी काढून त्यांना दाखवायला घरी आणला. संध्याकाळचं माळरान, आणि त्यावरून निळी चालत येते. आप्पा सोफ्याच्या कडेवर बसून बघत होते. संपल्यावर त्यांनी विचारलं, "घर येतं का तिचं?"

मी सांगितलं, नाही आप्पा, घर दिसायच्या आतच शॉट संपतो.

आप्पा सरकून सोफ्यावर नीट मागे टेकून बसले. मिलिंद तेवढ्यात आला, तरी उठले नाहीत.

"परत लाव," म्हणाले.